वाचक विचारतात : केनियाच्या लेकीच्या प्रवासाचा खर्च कुठून उभा करायचा?

प्रश्न : ताई, स. न. वि. वि. आमच्या टिळकवाडीतल्या घराच्या माडीवर केनियाची एक मुलगी भाड्यानं राहते. किसुमूकडची आहे. बेळगावातल्याच एका विद्यापीठात सार्वजनिक आरोग्यात पीएच.डी. करते. बाळंतपणानंतर आईचं खाणंपिणं आणि बाळाचं वाढतं वजन, असा तिचा विषय. आता माहिती गोळा करायला तिला तिकडं जायचंय, चार महिने तरी राहावं लागेल म्हणते. फी घरून येते. आई शाळेत शिकवते, वडील नाहीत. आणखी पैसे मागायचा तिला धीर होत नाही. विद्यापीठात विचारलं तर ‘परदेशी विद्यार्थ्यांसाठी अशी स्कीम नाही’ म्हणून सांगितलं. संध्याकाळी खाली येऊन माझ्याजवळ बसते, भाकरी आवडीनं खाते. माझी एक मुदत ठेव आहे, ती मोडून द्यावी असं मनात येतं. मुलगा नको म्हणतो. अशा मुलांना प्रवासाला पैसे कुठं मिळतात, आणि मी काय करू?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : ताई, ठेवीला हात लावू नका. तुमच्या पैशातून तिकीट निघेल, पण खर्च तिकिटावर थांबत नाही. मुंबईपर्यंतची बस, नैरोबीचं विमान, तिथून किसुमू, मग चार महिने दवाखान्यांच्या आणि वस्त्यांच्या फेऱ्या. प्रश्नावली भरून घ्यायला सोबत घेतलेल्या बायकांचा रोज, बाळांचं वजन करायचा काटा, झेरॉक्स, परवानग्यांची फी. मधेच पैसे संपले तर ती अर्धी माहिती घेऊन परत येईल, आणि अर्ध्या माहितीवर प्रबंध उभा राहत नाही. शिवाय ज्यांच्या चुलीपाशी रोज बसायचं त्यांचंच देणं डोक्यावर असलं की घास गिळताना जड जातो. तुम्हा दोघींमध्ये जे आहे ते तसंच राहू द्या.

मी विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात नोकरी करून निवृत्त झाले. परदेशी विद्यार्थ्यांच्या फायली माझ्या टेबलावरून जात. त्या अनुभवातून माझं एक ठाम मत झालं आहे : ज्या विद्यापीठानं हिचा विषय मंजूर केला, त्यानं हिचा प्रवासही मंजूर केला. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, माहिती कुठं गोळा करणार ते लिहिलेलं असतं. तिथं किसुमू लिहिलंय, ते वाचून समितीनं सह्या केल्यात. मग तिथं जायचं कसं हा प्रश्न त्या पोरीचा एकटीचा कसा? प्रयोगशाळेत काम करणाऱ्या विद्यार्थ्याला कुणी रसायनं घरून आण म्हणत नाही. गावोगाव फिरून माहिती घेणाऱ्याचा प्रवास हीच त्याची प्रयोगशाळा. प्रवेश देताना परदेशी विद्यार्थ्याकडून जास्त फी घ्यायची आणि संशोधनाच्या वेळी ‘स्कीम नाही’ म्हणायचं, हे मला पटलेलं नाही. नोकरीत असतानाही मी हे टिप्पणीत लिहीत असे.

‘स्कीम नाही’ या उत्तरामागे खरी अडचण आहे, ती तुम्हालाही कळायला हवी. आपल्याकडची सरकारी प्रवास-अनुदानं भारतीय नागरिकांसाठी असतात, म्हणजे ती हिला मिळणार नाहीत. आफ्रिकेतल्या संस्थांचे प्रबंधासाठीचे छोटे निधी आहेत. डाकारची कोडेस्रिया ही समाजशास्त्रांची संस्था १९७३ सालची, अक्राची असोसिएशन ऑफ आफ्रिकन युनिव्हर्सिटीज १९६७ सालची. दोघींनीही वर्षानुवर्षं प्रबंध लिहिणाऱ्यांना मदत केली आहे, पण ती आफ्रिकेतल्या विद्यापीठात नाव नोंदवलेल्यांना. तुमची माडीवरची मुलगी नागरिक तिकडची आणि विद्यार्थिनी इकडची. दोन्ही याद्यांत तिचं नाव बसत नाही. भारतात शिकणाऱ्या आफ्रिकी संशोधकांची खरी कोंडी हीच आहे, आणि म्हणूनच पहिली जबाबदारी विद्यापीठावर येते असं मी म्हणते.

आता तिनं काय करायचं ते सांगते, तिला वाचून दाखवा.

पहिलं म्हणजे ‘माझ्यासाठी स्कीम आहे का’ हा प्रश्न तिनं सोडून द्यावा. त्याला टेबलावरचा कारकून ‘नाही’ हेच उत्तर देणार, कारण त्याच्यासमोर स्कीमची यादीच असते. तिनं गाइडच्या नावे लेखी अर्ज करावा. विषय : मंजूर सिनॉप्सिसनुसार माहिती-संकलनाचा खर्च. सोबत मंजुरीच्या पत्राची प्रत आणि एका पानाचं अंदाजपत्रक. गाइडनं त्यावर शिफारस लिहून विभागप्रमुखांमार्फत रजिस्ट्रारकडं पाठवावा. तोंडी विचारणा हवेत विरते. आवक नंबर पडलेल्या कागदाला कुणाला तरी उत्तर द्यावंच लागतं.

दुसरी वाट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. बऱ्याच विद्यापीठांत शिक्षकांना संशोधन सुरू करायला सीड मनी मिळतो. नॅकच्या, म्हणजे विद्यापीठांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या, मूल्यमापनात तिसरा निकष संशोधनाचा आहे आणि त्यात संस्थेनं शिक्षकांना असा पैसा दिला का, हे विचारलं जातं. त्यामुळे विद्यापीठालाही तो दिल्याचं दाखवायचं असतं. हिच्या गाइडनं स्वतःच्या नावानं छोटा प्रकल्प मांडला, त्यात किसुमूमधलं माहिती-संकलन दाखवलं, तर पैसा शिक्षकाच्या नावे मंजूर होतो आणि नागरिकत्वाचा प्रश्नच येत नाही. हिशेब मात्र गाइडला द्यावा लागतो, म्हणून बरेच गाइड टाळतात. हिच्या गाइड मनानं चांगल्या असतील तर त्यांना जाऊन भेटा. तुमच्यासारख्या वडीलधाऱ्या बाईनं येऊन चार शब्द सांगितले तर फरक पडतो.

तिसरी वाट बाहेरची. लंडनची रॉयल सोसायटी ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन अँड हायजिन ही १९०७ साली स्थापन झालेली संस्था नवख्या संशोधकांना छोट्या प्रकल्पांसाठी ५,००० पौंडांपर्यंत अनुदान देत आली आहे. त्यात देशाची आडकाठी नसते. माता-बाल आरोग्याचा विषय तिथं बसण्यासारखा आहे. वर्षातून एकदाच अर्ज मागवतात, म्हणून त्या वर्षीची सूचना वाचूनच तयारी करावी. अर्ज करताना एक गोष्ट सांभाळायची : परिषदेत पेपर वाचायला मिळणारा प्रवासखर्च वेगळा आणि माहिती गोळा करायला मिळणारा वेगळा. परिषदेच्या आयोजकांकडे गरीब देशांतल्या विद्यार्थ्यांसाठी थोडेफार पैसे असतात, पण त्यातून चार महिन्यांचं गावातलं काम होत नाही. चुकीच्या दारात अर्ज टाकून मुलं महिने घालवतात आणि मग हिरमुसतात. ते मी फार पाहिलंय.

संपूर्ण खर्च एका ठिकाणाहून मिळेल अशी आशा तिनं धरू नये. विमानभाडं एकाकडून, स्थानिक फिरणं दुसऱ्याकडून, बायकांचा रोज तिसऱ्याकडून असं जमवावं लागतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त प्रत्येक अर्जात बाकीच्या दोघांची नावं स्पष्ट लिहायची आणि एकच बिल दोन ठिकाणी लावायचं नाही. पैसा देणाऱ्याला लपवाछपवीचा वास आला की दार कायमचं बंद होतं, तिच्यासाठी आणि तिच्या मागून येणाऱ्यांसाठीही.

परदेशी संस्थेचा पैसा येणार असेल तर तो विद्यापीठाच्या खात्यात येणार की तिच्या, हे अर्जाआधी विचारून घ्यावं. संस्थेच्या खात्यात येणार असेल तर परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात, विद्यापीठाची नोंदणी आहे का ते फायनान्स ऑफिसला विचारा. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावा लागतो. अनुदान मंजूर होऊन याच एका कारणानं अडकलेलं मी पाहिलंय आणि तेव्हा धावपळ करून काही उपयोग होत नाही. हिचा खर्च केनियातच व्हायचाय, तेव्हा देणारी संस्था तयार असेल तर तिच्या तिथल्या बँक खात्यात घेणं सगळ्यांत सोपं.

पैशाची वाट बघत परवानग्या थांबवू नयेत. आधी इथल्या एथिक्स कमिटीची मंजुरी. मग केनियातल्या मान्यताप्राप्त समितीची. मग नाकोस्टी म्हणतात त्या तिथल्या राष्ट्रीय विज्ञान आयोगाचा संशोधन-परवाना. २०१३ च्या कायद्यानं हा आयोग चालतो आणि तिथल्या नागरिकालाही परवाना लागतोच. केनियात ४७ काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग, आहेत. ज्या काउंटीच्या दवाखान्यांत काम करायचं तिथल्या अधिकाऱ्यांनाही कळवावं लागतं. माणसांवरच्या संशोधनाला पैसा देणारे हे कागद मागतातच. ते हातात असले की अर्जाला वजन येतं, आणि त्यांची फी अंदाजपत्रकात लिहायला विसरू नये.

परत येण्याचं आत्ताच बघा. विद्यापीठाकडून माहिती-संकलनासाठी जात असल्याचं लेखी पत्र, व्हिसावर अनेकदा येण्याजाण्याची मुभा आहे ना, आणि नोंदणीची मुदत चार महिन्यांत संपत नाही ना, हे एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या कार्यालयाच्या, ऑनलाइन खात्यात पाहून घ्यावं. केनियाहून येताना पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड लागतं. ते नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. बेळगावला पहिल्यांदा आली तेव्हा तिनं लस घेतलेली असणार. २०१६ पासून ते कार्ड आयुष्यभर चालतं, दर दहा वर्षांनी टोचून घ्यावं लागत नाही. फक्त ते पासपोर्टसोबत जवळ हवं, माडीवरच्या कपाटात नको. आणि ताई, हे तुमच्यासाठी : परदेशी माणूस घरी राहायला आला की २४ तासांत घरमालकानं ऑनलाइन माहिती द्यायची असते, आपण ज्याला सी फॉर्म म्हणत आलो ते. ती परत आल्यावर तो पुन्हा भरून टाका. तुमच्या मुलाला सांगा, मोबाइलवर होतं.

तुम्हाला तिच्यासाठी काही करायचंच आहे ना? मग त्या चार महिन्यांचं भाडं घेऊ नका. खोली तिच्या नावानं राहू द्या, सामान तिथंच राहू द्या. नाहीतर या मुलांना खोली सोडावी लागते, सामान कुणाकडं तरी टाकावं लागतं आणि परत आल्यावर नवी खोली शोधताना कातडीच्या रंगावरून नकार ऐकावे लागतात. आपल्या गावात असं होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. एवढं केलंत तरी तिच्या अंदाजपत्रकातला एक मोठा आकडा कमी होतो. तिनं अर्जात ‘घरमालकांनी चार महिन्यांचं भाडं माफ केलं आहे’ असं एक वाक्य लिहावं. आपल्या बाजूनंही कुणीतरी वाटा उचललाय हे दिसलं की देणाऱ्याचा हात सैल सुटतो.

तिची धाकटी बहीण किंवा मैत्रीण विज्ञानात पीएच.डी.साठी बाहेर पडायच्या विचारात असेल तर तिला आत्ताच सांगा. इटलीतल्या त्रिएस्तेची ओडब्ल्यूएसडी ही विकसनशील देशांतल्या वैज्ञानिक महिलांची संघटना पीएच.डी.साठी शिष्यवृत्ती देते. त्यांच्या यादीतल्या देशांच्या मुलींना ती दुसऱ्या विकसनशील देशात जाऊन शिकण्यासाठी मिळते. यजमान देशात आधीच पोहोचलेल्या मुलींना ती मिळत नाही, म्हणून तुमच्या माडीवरच्या मुलीसाठी ती वेळ गेली. निघण्याआधी अर्ज केला तरच उपयोग.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातला निवृत्त शिक्षक. घानाचा एक तरुण इंग्लंडमधल्या विद्यापीठात मानववंशशास्त्रात पीएच.डी. करतो. आमच्या भागातल्या मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी लोकांमध्ये तीन महिने राहून अभ्यास करायचा त्याचा विचार आहे. ओळखीतून माझ्यापर्यंत पोहोचला. अनुदानाच्या अर्जासाठी इथल्या खर्चाचा अंदाज मागतोय. आमच्या घरी राहणार, मग पाहुण्याकडून पैसे कसे घ्यायचे? आकडा काय लिहून देऊ?
— एक शिक्षक, खानापूर

उत्तर : गुरुजी, पाहुणचार दोन दिवसांचा. तीन महिन्यांचं राहणं-जेवण हा खर्च आहे आणि तो लिहून द्यायलाच हवा. तुम्ही शून्य लिहिलंत तर अनुदान देणाऱ्याला वाटतं खानापुरात राहायला काही लागतच नाही, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्याचा आकडा कापला जातो. गावात शिक्षकाला खोली-जेवणाचा जो दर पडतो तोच लिहा. ना कमी, ना परदेशी म्हणून जास्त.

मोठा खर्च दुभाष्याचा. सिद्दी लोक कोकणी, मराठी, कन्नड तिन्ही बोलतात, घराघरात वेगवेगळं मिश्रण. त्यांच्यातलाच शिकलेला मुलगा किंवा मुलगी सोबत घ्यायची आणि तिला रोज द्यायचा, ‘मदत केली’ म्हणून चहावर भागवायचं नाही. मला याबद्दल फार वाटतं. या समाजाचे फोटो काढून, गाणी रेकॉर्ड करून कितीजण गेले, आणि बोलणाऱ्याच्या हाती काही राहिलं नाही. दुभाष्याचा रोज आणि काम झाल्यावर त्याचा गोषवारा कन्नडमध्ये आणि मराठीत गावात आणून देण्याचा खर्च, दोन्ही अंदाजपत्रकात ठेवायला सांगा. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ मध्ये मिळाला, बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींना तो मिळायला २०२० उजाडलं. आपल्याकडच्या घरांना त्या सतरा वर्षांचा हिशेब पाठ आहे. आफ्रिकेतून कुणी आपला शोध घेत आलाय याचं त्यांना अप्रूप वाटेल, पण त्यांचे प्रश्न खानापूरचे आहेत : जंगल, जमीन, दाखला. हे त्या मुलाला आधीच सांगा.

जून ते सप्टेंबर त्याला बोलावू नका. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू? वस्त्यांचे रस्ते बंद पडले तर तीन महिन्यांतला एक असाच जाईल. ऑक्टोबर ते फेब्रुवारी धरा, दुचाकीचं भाडं धरा, अधूनमधून जीप लागेल ती वेगळी.

पैशासाठी न्यूयॉर्कचं वेनर-ग्रेन फाउंडेशन त्याला माहीत असेलच. १९४१ सालची संस्था आहे. मानववंशशास्त्राच्या पीएच.डी. विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष क्षेत्रकार्यासाठी २५,००० डॉलरपर्यंत देते आणि अर्जदार कुठल्या देशाचा, कुठल्या विद्यापीठाचा हे बघत नाही. त्यातून विद्यापीठाची फी भरता येत नाही, प्रवास आणि राहणं-काम एवढंच. घानाच्या मुलाला भारतात काम करायला ही वाट सरळ आहे.

पर्यटक व्हिसावर येऊन संशोधन करायचं नाही, हे त्याला बजावून सांगा. अडकला तर चौकशी तुमच्या घरी येते. इथल्या एखाद्या विद्यापीठाशी संलग्नतेचं पत्र घेऊन योग्य व्हिसा काढावा. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात मानववंशशास्त्राचा विभाग आहे, तिथं विचारावं. आणि सी फॉर्मचं वर टिळकवाडीच्या ताईंना सांगितलंय, ते तुम्हालाही लागू.

प्रश्न : माझा मुलगा धारवाडला रसायनशास्त्रात पीएच.डी. करतो. परदेशातल्या परिषदेत त्याचा पेपर स्वीकारलाय, जायला पैसे नाहीत. आणि सरकार आफ्रिकेच्या मुलांना इथं बोलावून महिन्याला पैसे देतं. आमच्या पोरांनी काय करायचं?
— एक पालक, निपाणी

उत्तर : दादा, तुमची चिंता खरी आहे, पण ती त्या मुलांशी जोडू नका. २०१५ च्या दिल्लीतल्या भारत-आफ्रिका शिखर परिषदेत भारतानं पाच वर्षांत ५०,००० शिष्यवृत्त्यांचा शब्द दिला, तो देशाच्या परराष्ट्र धोरणाचा भाग आहे. तुमच्या मुलाच्या खात्यातून त्यातला रुपया जात नाही. परदेशी विद्यार्थ्यांच्या जागाही मंजूर जागांच्या वर असतात. पदवी आणि पदव्युत्तरसाठी यूजीसीनं २०२२ मध्ये २५ टक्क्यांपर्यंत तशी मुभा दिली आहे. परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणाऱ्या आयसीसीआर या सरकारी संस्थेच्या जाहीर दरानुसार पीएच.डी.ला महिना २२,००० रुपये मिळतात. नेट उत्तीर्ण होऊन जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळालेल्या आपल्या मुलाला जानेवारी २०२३ पासून ३७,००० मिळतात. आकडे शेजारी ठेवून बघा.

आणि तुमच्या मुलाला जे दार उघडं आहे ते त्या मुलांना बंद आहे. परदेशातल्या परिषदेत पेपर वाचायला केंद्र सरकारच्या विज्ञान-अनुदान यंत्रणेकडून, म्हणजे पूर्वीच्या सर्ब आणि आताच्या एएनआरएफकडून, तसंच सीएसआयआरकडून मिळणारी प्रवास-मदत भारतीय संशोधकांसाठीच आहे. पेपर स्वीकारल्याचं पत्र, त्याचा गोषवारा आणि संस्थेचं शिफारसपत्र लागेल. तारखेच्या कित्येक आठवडे आधी अर्ज पोहोचावा लागतो, म्हणून गाइडची सही उद्याच घ्यायला सांगा. आयोजकांना नोंदणी-फी माफ कराल का असं एक पत्र आजच पाठवायला सांगा, पुष्कळदा करतात. विमानाचं तिकीट मंजुरीच्या आधी काढू नका. कुठल्या विमानानं, कुठल्या वर्गानं जायचं याचे नियम मंजुरीपत्रात येतात आणि ते मोडले की बिल परत येतं.